दादांनी टोलचा बांबू वर बांधला

बदलापूरहून अंबरनाथकडे जाणाऱ्या आमच्या रस्त्यावर टोलनाका बसला, तेव्हा मी चौदा वर्षांची होते. पन्नासच्या दशकातली गोष्ट. त्या नाक्यावरच्या एका माणसाबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं... आज लिहितेच.

त्याआधी तिथे नुसती चिखलातली गाडीवाट होती. सरकारने खडी-मुरूम टाकून रस्ता केला, ओढ्यावर दगडी मोरी बांधली आणि खर्च निघावा म्हणून टोल लावला. बैलगाडीला दोन आणे. पायी जाणाऱ्याला काही नाही.

माझे बाबा तांदूळ, काकड्या, दोडके घेऊन उल्हासनगरला, कॅम्प चारच्या बाजारात जायचे. टोलचं नाव काढलं तरी त्यांचं डोकं फिरायचं. "वाट आपली, बैल आपलं, नि पैसं दुसऱ्याला कशाला द्याचं?" भात कापून झालं की नाका चुकवायला ते गाडी शेतातून घालायचे. तासभर जास्त लागायचा, बैल दमून जायचे... पण बाबा खूश!

टोलवसुलीचा मक्ता सरकारने एका शेठला दिला होता. नाक्यावर त्या मक्तेदाराने ठेवलेले एक सिंधी गृहस्थ बसायचे. फाळणीत घरदार सोडून कॅम्पात आलेले, पन्नाशीचे, पायजमा-सदरा कायम स्वच्छ. सगळे त्यांना दादा म्हणायचे, फक्त बाबा सोडून. बाबा त्यांच्याशी बोलायचेच नाहीत.

आडव्या बांबूच्या एका टोकाला दगड बांधलेला असायचा. पावती दिली की दादा दोरी सोडायचे आणि बांबू वर जायचा. पावतीवर ते उजवीकडून डावीकडे, त्यांच्या लिपीत काहीतरी लिहायचे. ते बघायला मला भारी आवडायचं.

पुढच्याच पावसाळ्यात मोरी खचली. दसरा उलटला तरी दुरुस्तीचं नाव नाही. पोती उतरवून डोक्यावरून ओढ्यापलीकडे न्यायची, रिकामी गाडी पाण्यातून ओढायची, पुन्हा भरायची... आणि पुढे नाक्यावर टोल द्यायचाच. शेतात भात उभं, त्यामुळे बाबांची चोरवाटही बंद.

एका सकाळी मीही बाबांबरोबर होते, तेव्हा आमचा एक बैल त्या खचलेल्या मोरीत गुडघ्यावर आपटला. पाय मोडला नाही, पण चांगलाच सोलपटला. नाक्यावर पोचलो तेव्हा बाबांचा राग अनावर झाला होता. गाडी तिथेच उभी केली आणि म्हणाले, "आज पैसं नाय देत. काय करायचं त कर."

दादा उठले. मला वाटलं, आता जुंपणार... पण ते सरळ बैलापाशी जाऊन खाली बसले. मडक्यातलं पाणी आणून स्वतःच्या रुमालाने त्याचा पाय पुसला. मग माझ्याकडे वळून त्यांनी नाक्यावरच्या पाटीकडे बोट दाखवलं.

"बेटी, तू शाळेत जाते ना? ये पाटी मेरे को वाचून दाखव. पूरी. तुमची लिपी मेरे को नाही येत."

वर्षभर ते त्या पाटीखाली बसत होते. कुणीतरी सांगितलेले दर त्यांना तोंडपाठ होते, पण पाटी त्यांनी कधी वाचलीच नव्हती! मी मोठ्याने वाचायला लागले. दर संपले आणि खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती. टोलच्या उत्पन्नातून मक्तेदाराने रस्ता व मोरी सुस्थितीत ठेवावी.

माझं हिंदी कच्चं. तरी सांगितलं, "मतलब... ये पैसा रास्ता अच्छा रखने का है."

"फिर से पढ़," ते म्हणाले. मी पुन्हा वाचलं.

त्यांनी दोरी सोडली. बांबू वर गेला, तसा त्यांनी तो खांबाला घट्ट बांधून टाकला. "रास्ता नाही, तो टोल भी नाही. जा भाऊ."

बाबांनी गाडी हाकली, पण दोनदा मागे वळून पाहिलं.

दुसऱ्या सकाळी आम्ही नाक्यावर पोचलो तर मक्तेदार आलेला. नोकरीवरून काढीन म्हणून दादांवर ओरडत होता. दादांच्या घरी बायको आणि तीन मुली आहेत, दोन वर्षं वणवण केल्यावर ही नोकरी मिळाली आहे, हे मला खूप नंतर कळलं. तेव्हा मला फक्त त्यांचा शांत आवाज ऐकू आला, "सेठ, मी लोकांकडून रस्त्याचा पैसा घेतो. रस्ता द्या, मी घेतो."

मक्तेदाराने बांबूची गाठ सोडायला हात घातला. तेवढ्यात बाबा गाडीवरून खाली उतरले.

"हात नको लावू शेट. हाच मानूस हितं बसंल. दुसरा बसवलास त एक गाडी पैसं देनार नाय."

मागे दहा-बारा गाड्या खोळंबल्या होत्या. एकेक गाडीवान उतरून दादांच्या शेजारी येऊन उभा राहिला. टोलला रोज शिव्या घालणारेच सगळे! मक्तेदार निघून गेला...

आठवडाभरात दगड आले, गवंडी आले. बाबांनी मुरूम वाहायला दोन दिवस आपली गाडी दिली. कुणी मागितली नव्हती.

मोरी झाली त्या सकाळी भरलेली गाडी, एकही पोतं न उतरवता, पार झाली. नाक्यावर बांबू अजून वरच होता आणि दादा पाणी आणायला गेलेले. वाट मोकळी होती, बघणारं कुणी नव्हतं. बाबांनी गाडी थांबवली. दादा येईपर्यंत बैलांना चुचकारत बसून राहिले, मग खाली उतरून दोन आणे त्यांच्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "घ्या दादा."

आपलं सगळं मागे सोडून आलेल्या त्या माणसाने हातातली एकुलती एक भाकरी आमच्या रस्त्यासाठी पणाला लावली. आभार मानायचं तेव्हा कुणालाच सुचलं नाही... उशीर झालाय, पण आज मी मानते.