डोळखांबची मुकी गवर

शहापूरहून डोळखांबच्या एसटीत बसले तेव्हा मी भलतीच खुशीत होते. सणांमधलं बायकांचं पुढारपण हा माझ्या संशोधनाचा विषय. आणि पाड्यावरची हिराबाई गाणं सांगितल्याशिवाय गवर (डोंगरउतारावरून मुळांसकट आणायची तेरड्याची रोपं) घरी येतच नाही, असं मी आमच्या प्राध्यापिकाबाईंना छातीठोकपणे सांगून ठेवलेलं.

पोचले तर हिराबाई ओटीवर बसलेली, कपाळ मोकळं. आषाढात नवरा गेला होता. तिनं नाचणीची भाकर पुढे केली. अंगणात बायका सूप घेऊन खोळंबल्या होत्या. गवरीला सवाष्णीनंच जायचं, असा नेम. आणि गाणी येत होती एकट्या हिराबाईला.

मला संतापच आला. कोणत्या पुरुषानं अडवलं, असं तावातावानं विचारलं.

“बाप्यांना काय करायचंय त्यात?” ती म्हणाली. “नेम मीच धरला. बारा वर्सांमागं या माझ्या जावंचा, बारकीचा, दादला गेला. सूप घेऊन निघालेली, मीच दारातनं मागं धाडली.”

बारकी तिथंच चूल फुंकत बसली होती. मान वर करायलाही तयार नव्हती.

मग हिराबाई उठली आणि तिनं सूप बारकीच्या हातात दिलं. तू पुढं चाललीस तरच मी येईन, नायतर आपण दोघी घरी, असं तिनं सगळ्यांदेखत सांगितलं. बायका वाट द्यायला बाजूला सरल्या. मला वाटलं, जिंकलं बाई! मी वहीसुद्धा उघडली.

बारकीनं सूप खाली ठेवलं.

“तवा मला गानी येत व्हती गो, तुझ्यापरीस जास्ती,” ती म्हणाली. “आता एकबी आठवत नाय. मी नाय येत.”

हिराबाई शब्दाला जागली. तिच्याशेजारी चुलीपाशी बसून राहिली. बायका डोंगरावर गेल्या, मीही गेले. तेरडा उपटला, सुपात ठेवला आणि तोंडातून चकार शब्द न काढता गवर घरी आणली. इतकी गप्प गवर मी जन्मात पाहिली नव्हती.

परतीच्या गाडीत, मी कशाला आले होते ते ऐकून शेजारच्या बाईनं विचारलं, गवरीची गाणी मिळाली का? मी नाही म्हटलं. बाई पुढं झाली की बाकीच्यांचंही भलं होतं, हे मी धरूनच चालले होते. तिच्या पुढारपणात दुसरीचा गळा बसला असेल का, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं.