लोसीवालेची फुंकर

लोसीवालेसारखी फुंकर समोआच्या सवाई बेटावर कुणाला जमत नसे. तिथल्या बारा खाटांच्या इस्पितळात ती एकोणीस वर्षं सुईण होती. दर शुक्रवारी गावच्या महिला मंडळाच्या बायका वापरलेले रबरी हातमोजे धुऊन, उकळून दोरीवर वाळत घालायच्या. मग लोसीवाले एकेक मोजा तोंडाने फुगवी, गालाशी धरून भोक शोधी आणि हातात सहज चढावा म्हणून भुकटीच्या डब्यात घालून खळाखळा हलवी. पांढरा ढग उठे.

"झालं, चर्चला जायला आता वेगळी पावडर नको!" तिची नणंद तौसागा खोकत खोकत म्हणायची.

एका वर्षी लोसीवालेच्या हातांवर पुरळ उठलं. साबण बदलला, खोबरेल चोळलं, प्रार्थना केली. मग मोजे चढवताच श्वास कोंडू लागला. एका बाळंतपणातून तर तिला अर्ध्यात बाहेर यावं लागलं. आणि महिन्याभरात सून मालियाचे दिवस भरणार होते. पहिलं नातवंड! "मीच हातात घेईन," असा शब्द तिने सुनेला दिला होता.

राजधानी आपियाहून नवे डॉक्टर सेमिसी आले. तपासून त्यांनी भलतंच विचारलं, "मावशी, पपई खाल्ली की तोंड खाजतं का हो?"

तोंड खाजायचं म्हणून सहा महिने लोसीवालेने पपई-केळ्याला हात लावला नव्हता, पण रविवारच्या जेवणात वाढलेलं नाकारलं तर लोक काय म्हणतील, म्हणून ताट गुपचूप नवऱ्याकडे सरकवायची. हे या माणसाला कुणी सांगितलं?

"रबर म्हणजे झाडाचा चीकच. त्यात जे असतं, तसलंच थोडं पपईत, केळ्यात. तुमचं शरीर दोन्हींना वैरी समजतंय. तुम्ही एकटीने मोजे सोडून भागायचं नाही. रबर भुकटीला चिकटून हवेत उडतं. सगळ्यांनीच सोडायला हवं."

तिची नजर डब्यावर गेली. रबराचं आणि पपईचं, दोन झाडं, मधे समुद्र, आणि त्यांची ओळख आपल्या रक्तात निघावी! देवाने काय काय विणून ठेवलंय! मग आठवलं, तौसागाला खोकला यायचा तोही शुक्रवारीच.

ती मंडळापुढे उभी राहिली. "डबा हलवायची रीत माझी. त्या ढगात तुम्हालाही मीच बसवलं. मला क्षमा करा."

तौसागा उठून म्हणाली, "रडतेस काय वहिनी? फडकी भिजवा गं! भिंती काय आपोआप पुसल्या जाणारेत?"

तीन दिवस बायकांनी छतापासून खाटांपर्यंत सगळं ओल्या फडक्याने पुसलं. डबा आणि जुने मोजे फेकले गेले. डॉक्टरांनी मागवलेले बिनरबरी, बिनभुकटीचे मोजे मंगळवारच्या बोटीने आले. गुरुवारी सकाळी मालियाला कळा सुरू झाल्या.

लोसीवाले उंबऱ्याशी थबकली. आत पाऊल टाकलं. एक श्वास घेतला. दुसरा घेतला. छाती मोकळीच राहिली. नवे मोजे चढवून ती सुनेच्या पायांशी बसली.

दुपारी बाळ तिच्या ओंजळीत आलं, निळसर, गप्प. तिने पाठ चोळली, पुन्हा चोळली. इवलीशी छाती एकदम वर आली. इतक्या बाळांच्या वेळी पाहिलं होतं, तरी तिला वाटलं, हवा आत जाते ती आज पहिल्यांदाच दिसतेय.

मग बाळाने टाहो फोडला.

"वहिनी, काय झालं गं? बोल ना!" तौसागा दाराबाहेरून ओरडली.

लोसीवालेच्या तोंडून शब्द फुटेना. तिचा श्वास मात्र सुरळीत चालू होता.