बॉयलरकाकांची चूल

बॉयलरकाका माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी त्याच्या छपराकडे बघत. सकाळी समुद्रावर फेरी मारून परतताना ते आमच्या आळीतून हळूहळू यायचे आणि कौलांतून निघणाऱ्या धुरावरून प्रत्येक घराला त्या दिवसाचा निकाल सांगून जायचे. "ओलं लाकूड घातलंस काय गो?" "राख काढ आधी, चुलीला हवा न्हाय तुझ्या." "आज नारळाची सोडणं जाळतेस वाटतं, पावणं आलंत काय?" हे सगळं रस्त्यावरून, आत न डोकावता. आणि दर वेळी बरोबर. त्यामुळे बायका चिडायच्या, पण राखही काढायच्या.

काका रोह्याकडच्या एका कारखान्यात बॉयलर सांभाळायचे. निवृत्त होऊन गावी आले तेव्हा त्यांचं खरं नाव लोक विसरूनही गेले होते. त्यांचा सगळा तोरा एकाच गोष्टीवर उभा होता. त्यांच्या पाळीत कारखान्याच्या चिमणीतून धूर दिसायचा नाही. तपासणीला साहेब येणार असले की मॅनेजर पाळ्या बदलून यांनाच उभं करायचा. ते म्हणत, "काळा धूर म्हंजे हवा कमी. पांढरा धूर म्हंजे जळण ओलं. आन् कायच दिसत नसलं म्हंजे मी ड्युटीवर हाय." धूर म्हणजे न जळता पळालेलं लाकूड, हे त्यांचं आवडतं वाक्य. लग्नात, बारशात, एसटीच्या थांब्यावर, कुठेही ते ऐकायला मिळे.

मी त्यांचा शेजारी. मुरुडच्या अलीकडे माझं चार खोल्यांचं लॉज आहे आणि दारात 'चुलीवरचं जेवण' अशी पाटी आहे. कालवण माझी बायको सुनंदा करते, पण भाकऱ्या काकींच्या. तांदळाची भाकरी अशी की पातळ पापुद्रा एका बाजूला आणि लुसलुशीत पोट दुसऱ्या बाजूला. मुंबईहून मांडव्याला बोटीने उतरलेले पाहुणे पहिल्या दिवशी मासे मागत आणि दुसऱ्या दिवशी भाकरी. शनिवारी-रविवारी मला चाळीस-पन्नास लागायच्या. काकी टोपलं फडक्याने झाकून कुंपणावरून द्यायच्या. देताना खोकायच्या. मला वाटायचं, वय झालं. खरं तर मला काहीच वाटायचं नाही, मला भाकऱ्या हव्या असायच्या.

एका पावसाळ्यात तो खोकला थांबेनाच, तेव्हा काका त्यांना अलिबागला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. तिथे जे झालं ते काकींनी मला नंतर सांगितलं. बाईंनी छातीचा फोटो बघितला आणि विचारलं, "किती वर्षं विडी ओढता?" काकींना हसू आलं आणि हसता हसता खोकला. मग बाईंनी काकांचीही छाती तपासली. काकांनी मोठ्या ऐटीत सांगितलं की मी तीस वर्षं बॉयलरवर होतो. बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाल्या, "काका, तुमची छाती साफ आहे. भट्टीवर काम केल्यासारखी छाती यांची आहे. घरात धूर नको, आजपासून. पावसाळ्यानंतर परत दाखवा."

परतताना आळीतून काकांनी कुणाच्या छपराकडे बघितलंही नाही, असं काकी म्हणाल्या. आणि मला त्यातलं मर्म कळलं. दुनियेची छपरं वाचणाऱ्या या माणसाने स्वतःचं छप्पर कधी वाचलं नव्हतं, कारण तो त्याच्याखालीच पडवीत बसून चहा पीत असे. आमच्याकडे पुरुष पडवीपाशी थांबतात. ताट बाहेर येतं, माणूस आत जात नाही. काकींच्या स्वयंपाकघराचे वासे डांबर फासल्यासारखे काळे होते आणि काकांना ते ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्र्याची पाटी रंगवली, अगदी कारखान्यातल्यासारखी, लाल अक्षरांत: 'धूरबंद क्षेत्र. चूल पेटवण्यास सक्त मनाई.' ती स्वयंपाकघराच्या दारावर ठोकली आणि गॅसची शेगडी आत सरकवली. काकींनी चार दिवस गॅसवर भाकऱ्या केल्या. भाकऱ्या झाल्या, नाही असं नाही. पण गॅसच्या जाळाने बाहेरून डागतात आणि आतून कच्च्या राहतात. पाहुण्यांनी टोपलं तसंच ठेवलं, आणि मी ते काकींना सांगितलं. हे मी आज लपवत नाही.

पाचव्या दिवशी काकींनी परसात तीन दगड मांडून विस्तव केला. काका समुद्रावर होते. त्यांनी तिथूनच माडांच्या वर चढणारा धूर बघितला आणि लांब ढांगा टाकत आले. मी कुंपणाशीच होतो.

"अगो, छाती जाईल तुझी," ते म्हणाले.

"आन् हात?" काकींनी पिठाचे हात पुढे केले. "सकाळी उठून ह्या हातांचं करू काय? तुमी रिटायर झालात, मला कुणी केलान?"

मग हात खाली घेऊन काकी शांतपणे म्हणाल्या, "अख्ख्या गावाला धूर शिकवता न? मग बिनधुराची चूल आणा मला. लाकडाची. दिवाळीपर्यंत आणा, न्हायतर भाकरी सोडते मी. पुन्ना विषय काढनार न्हाय."

काकींनी विस्तव पाण्याने विझवला. मी पाहुण्यांना पाव द्यायला लागलो.

काकांनी शोध सुरू केला तो बॉयलरच्या शिस्तीत. त्यात मीही ओढला गेलो, कारण गरज माझीही होती. त्यांचा पहिला नियम असा की चूल विकणाऱ्याला विचारायचं नाही, जिने ती एक पावसाळा वापरलीय तिला विचारायचं. म्हणून आम्ही आधी घरं हिंडलो. कुठल्या कुठल्या योजनांत वाटलेल्या निर्धूर चुली आम्हाला अंगणात सापडल्या. एकीत तुळशीची रोपं होती. एकीवर कोंबडी उबवायला बसली होती. काका तिच्यापुढे उकिडवे बसले, तिला न उठवता चुलीचं तोंड चाचपलं आणि म्हणाले, "तोंड ल्हान. जाडं लाकूड शिरत न्हाय, म्हनून सोडून दिलंनी. चूल वाईट न्हाय, हितं कुणी लाकूड फोडून देणारा न्हाय."

मग दोन एसट्या बदलून माणगावच्या बाजारात. दुकानदाराने पंख्याची चूल दाखवली. बटण दाबलं की हवा आणि निळसर जाळ, धुराचं नाव नाही. काकांनी पत्र्यावर नखाने टिचकी मारली. "आमच्याकडं खारा वारा हाय. हा पत्रा दोन वर्षांत चाळण व्हईल, आन् पंखा त्याच्या आदी मरंल." दुसरी वरून पेटवायची, डब्यासारखी. तिच्यात बारीक ढलप्या भरून ठेवल्या की तासभर स्वच्छ जळते, पण मध्येच लाकूड घालता येत नाही. "पन्नास भाकऱ्या तासात होतात व्हय? पंचविसाव्याला इझली तर?" दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले.

प्रत्येक चुलीची ते परीक्षा घेत. टोपात दोन लिटर पाणी, वर जळत्या तोंडाशी स्वच्छ स्टीलची ताटली धरलेली, आणि मनगटावर घड्याळ. पाण्याला किती वेळात उकळी फुटली आणि ताटलीवर किती काजळी धरली, हे ते वहीत मांडत. अशा सात चुली नापास झाल्या. आठवी पास झाली. आतून भाजलेल्या मातीचं जाड अस्तर, खाली जाळी, तोंड अंगठ्याएवढ्या काटक्यांपुरतं. ताटली लख्ख. काकांनी ती ताटली एसटीत मांडीवर घेऊन आणली, काकींना दाखवायला.

दसऱ्याला चूल मांडली. काकांनी सुरूच्या वाळक्या काटक्या स्वतः फोडल्या होत्या. पेटवली. धूर नाही. आम्ही तिघं छपराकडे बघत उभे, वर नुसतं आभाळ. काकांच्या चेहऱ्यावर साहेब शेरा लिहून गेल्यासारखं समाधान. काकींनी उकड मळली, भाकरी थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. मग भाकरी हातात घेतली आणि हात हवेतच थांबला. त्या चुलीपुढे निखारेच नव्हते. तांदळाची भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यांना टेकवून उभी करायची असते, तिथे ती फुगते. इथे सगळा जाळ आत, वर, तव्याच्या बुडाला. बाहेर काही नाही.

"अवो," काकी म्हणाल्या, "ह्या चुलीवर काय काय करून बघितलंत?"

"पाणी तापवून बघितलं. आठही चुलींवर."

"मी काय वाफ विकते?"

मी हसू दाबलं, पण काका हसले नाहीत. ते पहिल्यांदाच खाली बसले, स्वयंपाकघरात, जमिनीवर. जन्मभर या माणसाने पाण्याची वाफ केली होती, म्हणून चुलीचं काम म्हणजे पाणी उकळणं, हेच त्यांच्या डोक्यात. आणि मी रोज भाकरी विकणारा. मलाही सुचलं नव्हतं की काकींना सोबत न्यावं. दोन पुरुष महिनाभर चूल शोधत होते आणि चुलीशी बसणारी बाई घरी होती.

दिवाळीला पंधरा दिवस उरले होते. पुढच्या खेपेला काकी निघाल्या. मांडीवर पिठाचा डबा, पिशवीत स्वतःचा तवा आणि परात. माणगावच्या दुकानात त्यांनी पदर खोचला, फरशीवर बैठक मारली आणि दुकानदाराला उकडीसाठी पाणी उकळायला सांगितलं. गिऱ्हाइकं भोवती जमली. काकी बाजारात बसलेल्या नव्हत्याच, त्या आपल्या घरात होत्या. तिसऱ्या चुलीपुढे त्यांनी मान डोलावली. भाजलेल्या मातीची, दोन तोंडांची, मागे धुराडं. जाळीतून पडलेला निखाऱ्यांचा आर पुढे ओढायला रुंद कट्टा. भाकरी उभी राहिली आणि टम्म फुगली. "ही," त्या म्हणाल्या. सगळं मिळून अर्धी सकाळ लागली.

आता काकांचं काम होतं. या चुलीवर त्यांची ताटली थोडी मळली होती, म्हणून ते अस्वस्थ. पण घरी आल्यावर त्यांनी धुराडं छपराच्या आढ्याच्याही हातभर वर नेलं, कारण खाली ठेवलं तर समुद्राचा वारा धूर परत घरात ढकलतो. चूल पेटवायच्या आधी धुराड्याच्या बुडाशी कागद पेटवायचा, म्हणजे ते तापून ओढ धरतं, हे त्यांनी काकींना शिकवलं. सोडणं आणि झावळ्या हद्दपार झाल्या. लाकूड एक उन्हाळा वाळवून पावसाळाभर माळ्यावर ठेवायचं, मगच चुलीत. रोज सकाळी काका चुलीच्या डाव्या अंगाला बसून एकेक काटकी पुढे करायचे. काकी भाकरी थापायच्या. "बस झालं, जास्त कोंबू नका," असं आता त्याच त्यांना सांगायच्या. दिवाळीला माझ्या पाहुण्यांच्या ताटात भाकरी आली.

डॉक्टरीणबाईंनी काकींना एका नळीत फुंकायला लावलं आणि सांगितलं, छातीचं गेलं ते परत येणार नाही, पण आणखी जात नाहीये. पुढच्या वर्षीही नळीवरचा आकडा तेवढाच भरला. काका ते ऐकून खूश झाले असतील असं मला वाटलं होतं. एके दिवशी पडवीत लाकूड फोडताना ते मला म्हणाले, "शेट, हे मला सगळं तवाच येत होतं. हवा किती, जळण कसं, धुराडं कुठं. कारखान्यातनं दर आठवड्याला घरी यायचो. एक सकाळ आत बसलो असतो तर तीस वर्षांपूर्वी करून दिलं असतं." मग त्यांनी पुढचा ओंडका उभा केला.

काका गेले ते अचानक, सकाळी समुद्रावरून येऊन टेकले आणि उठले नाहीत. मुलगा कळंबोलीहून आला, आईला चल म्हणाला. काकी गेल्या नाहीत. महिना-दीड महिन्याने त्यांनी पुन्हा चूल पेटवली. पहिलं टोपलं घ्यायला मी कुंपणाशी न थांबता आत गेलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "काकी, काकांनी तुम्हाला वाचवलं बघा."

काकींनी भाकरी निखाऱ्यांना टेकवली. "वाचवलंनी म्हनू नको, भाऊ. उशीर केलान त्यांनी. लय उशीर." त्यांनी भाकरी फिरवली, ती फुगेपर्यंत थांबल्या. "पन आत आले. आत येऊन बसले. किती जन येतात?"

मी टोपलं घेऊन घरी आलो. 'चुलीवरचं जेवण' ही पाटी मी रंगवून घेतली होती, त्याला बारा वर्षं झाली. त्या बारा वर्षांत आमच्या चुलीपाशी मी कधी बसलो नव्हतो. टोपलं बाहेरच्या टेबलावर न ठेवता मी आत गेलो. सुनंदा धुरात डोळे मिचकावत कालवण ढवळत होती. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसलो.

"काय हवंय?" ती म्हणाली.

"काही नाही. बसलोय."

तिने फुंकणी माझ्या हातात दिली.

"मग नुसते बसू नका," ती म्हणाली, "फुंका."