गोधडीत बांधलेला फ्रिज

मोताळ्यात आमच्या आळीला वीज येऊन पुरती दोन वर्षं झाली नसतील, तेव्हा माझ्या वडिलांनी फ्रिज आणला. कारण मी. मला पाहायला अकोल्याचे लोक येणार होते आणि बाबांनी, कुणी न विचारता, त्यांना कळवून टाकलं होतं की आमच्याकडे बर्फाचं पाणी मिळेल. स्थळ जमलं की माझं खामगावला कॉलेजात जाणं बुडालं, हेही त्यांनीच ठरवलं होतं. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते.

आता आमच्याकडे बर्फ यायचा तो मलकापूरहून, एस.टी.च्या टपावर, भुशात आणि गोणपाटात गुंडाळून. बाबांना थंडीचं तेवढंच शास्त्र ठाऊक. त्यांनी आल्या दिवशीच फ्रिजला दार सोडून दोन गोधड्या लपेटल्या आणि सुतळीनं करकचून बांधलं. बर्फ होईना. बाबांनी नारळ फोडला, फ्रिजच्या पायाखाली वीट सरकवली, बटण पिळून पिळून दमले. वायरमन आला, दोन कप चहा प्यायला, "मशीन नवी आहे, सवय होऊ द्या" म्हणून गेला.

"थंडी पळून जाऊन राह्यली," बाबा म्हणाले. "अजून एक गोधडी आन."

ती बांधताना गोधड्यांखालून माझा हात मागच्या जाळीला लागला आणि चांगलाच चटका बसला. मी म्हटलं, "बाबा, आतली गरमी इकडून बाहेर निघते. तुमी तिचा रस्ताच बंद केला."

"चूप बैस. मशीनीतलं तुले काय समजते?"

खरं तर बर्फ न होण्यातच माझं भलं होतं. पण डोळ्यांसमोर चाललेला गाढवपणा मला सोसत नाही, आजही नाही. दुपारी बाबा बाजाराला गेले तशी मी सुतळ्या कापल्या, गोधड्या उतरवल्या आणि फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. सकाळी बाबा पाहतात तर ट्रे भरून बर्फ!

पाहुणे आले. मुलाच्या काकांनी दोन ग्लास रिचवले, तिसरा मागितला. "काय मशीन आहे हो!"

"बिघडली होती," बाबा म्हणाले. "म्या एकट्यानं दुरुस्त केली. डोकं लागते त्याले."

"आन पोरीले काय येते?"

"पापड, कुरडया, स्वेटर."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "आन फ्रिज," मी म्हटलं. "बाबांनी त्याले गोधडीत निजवला होता, म्या उठवला."

आत आई फिस्सकन हसली. काकांनी ग्लास खाली ठेवला.

चार दिवसांनी अकोल्याहून नकाराचं कार्ड आलं, मुलगी फार बोलते म्हणून. बाबा दोन दिवस ते खिशात घेऊन फिरले. तिसऱ्या दिवशी जेवता जेवता आईवर खेकसले, "आता हिले कोन करते? जाऊ दे खामगावले! शिकू दे, दुसरं काय करन ते!"

कॉलेज मला असं मिळालं, शिक्षा म्हणून. मी मान खाली घालून "हाव" म्हटलं आणि आत जाऊन पेटी भरायला घेतली.