बापूची व्हॅन, बापूची बोटं

बापूची बोटं फॅनमध्ये गेली नव्हती.

ती मी मोडली. टॉमीनं, चाक खोलायच्या लोखंडी दांड्यानं. एका फटक्यात दोन.

आज माझ्या थोरल्या भावाचा, बापूचा, पहिला स्मृतिदिन. सकाळपासून माधवनगरच्या घरी बुद्धवंदनेला आलेला प्रत्येक जण तेच सांगतोय. फॅनमध्ये बोटं गेली तरी बापूनं जाम इंजिन उभं केलं, काय माणूस!

मी खाली मान घालून चहा वाटत होतो. आता बास.

बापू आर्मीत गाड्या दुरुस्त करायचा. रिटायर झाल्यावर त्यानं जुनी डिझेल व्हॅन घेतली. मागं पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, सगळं स्वतः बसवलं. नोकरीभर तो तिकडं आणि वहिनी इकडं. तिला पोस्टिंगची सगळी गावं दाखवायची, एवढं एकच डोक्यात. त्याची फुप्फुसं तेव्हाच खराब झालेली. डॉक्टर म्हणाले होते, फिरायचंय तर यंदाच फिरा.

आणि मी ती व्हॅन चार महिने आटपाडीला शेतात ड्रिपच्या नळ्या बसवायच्या कामाला वापरली.

इंजिन थंड ठेवायला बापूनं दिलेला कूलंटचा कॅन सीटखाली तसाच. मी रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतत राहिलो. ज्या पाण्यानं चहाच्या पातेल्याला पांढरं पुट चढतं, ते.

भिवघाटात टेम्परेचरचा काटा लालवर गेला. मी तशीच रेटली. वर पोचायच्या आत इंजिन जाम.

टो करून घरी आणली. वहिनी बाजारात गेलेल्या. बापूनं इंजिनचं हेड उघडलं आणि आतला पांढरा थर नखानं खरवडला.

"कूलंट घातलं हुतंस का?"

"व्हय."

"माझी शपथ घे."

"तुझी शपथ, बापू."

पाना थेट माझ्या कपाळावर आला. डोळ्यात रक्त. मग त्यानं माझी मान धरून डोकं दारावर आपटलं.

"इंजिन गेलं त्येचं काय न्हाई रं! माझी शपथ घिऊन खोटं बोलतूस?"

मला सुटायचं होतं असं म्हणालो तर आजही खोटंच होईल. त्यानं मला सोडलं होतं. तो इंजिनला हात टेकून धापा टाकत होता. मी टॉमी उचलली आणि त्या हातावर घातली. बघून घातली.

हाडांचा आवाज अजून झोपू देत नाही.

कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी विचारलं, "मारामारी आहे का? पोलिसांना कळवावं लागेल."

बापू म्हणाला, "फॅनमदी बोटं गेली. आन् ह्यो सोडवाय वाकला, तर कपाळ आपटलं."

डोळ्याची पापणीही हलली नाही. खोट्यापायी माझं डोकं फोडणारा माणूस!

बाहेर येऊन मी रडायला लागलो. त्यानं डाव्या हातानं मुस्काटात दिली. "रडू नगंस. यंदाच जायाचं हाय मला. इंजिन तू बांधायचंस."

दीड महिना तो खोक्यावर बसून शिव्या देत होता आणि मी बांधत होतो. सिलिंडरमध्ये डिझेल ओतून तीन दिवस थांबलो, मग लाकूड लावून घणानं पिस्टन हाणून काढले.

"रिंगांची तोंडं एका रेषंत आणू नगंस, गाढवा!" पाठीत चप्पल.

एकदा मीही फुटका पिस्टन फेकून मारला. तो वाकला म्हणून वाचला, नाहीतर आणखी एक खोटं रचावं लागलं असतं.

इंजिन लागलं. काळा धूर, खडखड, मग एकसारखा आवाज. बापूनं डावा हात ब्लॉकवर ठेवून बराच वेळ ऐकलं. मला वाटलं, आता शाबास म्हणेल.

"बंद कर. तुज्या वैनीला सांग, कापडं भर."

दोघं दोन महिने फिरून आले. बापू तीन बोटांनी स्टिअरिंग धरायचा.

शेवटच्या आठवड्यात विश्रामबागच्या हॉस्पिटलात मी त्याला विचारलं, "वैनीला खरं सांगू?"

त्यानं मास्क बाजूला केला. "मी गेल्यावर सांग. आत्ता सांगितलंस तर ती तुला हाणंल, आन् मला आडवाय उठावं लागंल."

वर्ष गेलं. धीर झाला नाही.

मघाशी स्वयंपाकघरात जाऊन वहिनींना सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि माझ्या कानाखाली वाजवली. मग दुसरी. मग तिसरी.

बापू उठला नाही.

जा, बापू. तुझ्या धाकट्याचा शेवटचा जय भीम.