शेजारची पिंकी आणि इजाबेलबायची भीती

भाईंदरजवळच्या डोंगरीतली इजाबेल बोर्जीस देवाला विचारल्याशिवाय पाऊल उचलत नसे. मुलाला कुवेतला धाडायचं का, कौलं काढून स्लॅब घालायचा का, सगळं आधी घरातल्या अल्तारापुढे, म्हणजे येशूच्या देव्हाऱ्यापुढे. मेणबत्ती लावायची, जपमाळेवर रोझरी म्हणायची आणि गप्प बसायचं. मन निवलं तर देवाचा होकार. धाकधूक राहिली तर नकार. नवरा गेल्यावर शिवणकामावर तिनं संसार ओढला, तोही असाच विचारत विचारत.

तिच्या घराला लागून असलेल्या खोलीत पिंकी आणि बबन हे चिपळूणकडचं जोडपं भाड्यानं राहायला आलं. पिंकी भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. बबन प्यायला की तिला मारायचा. मधली भिंत पातळ. आवाज यायला लागले की इजाबेल शिलाई मशीन जोरात चालवायची.

एकदा धीर करून तिनं बबनला टोकलं. तो अगदी जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "आंटी, तू एकटी राहतेस ना? मग गप राहा."

तेव्हापासून ती दिवसाही कडी लावून बसू लागली.

मग एका दुपारी पिंकी मागच्या दारी आली. मनगट टम्म सुजलेलं.

"आंटी, मामाला फोन केलाय. उद्या सकाळी येतोय मला न्यायला. ह्याला कळलंय. आजच्या दिवस ठेवून घ्या ना मला."

"थांब गो पोरी, देवाला विचारून येते."

इजाबेल अल्तारापुढे बसली. पण रोझरीचे मणी बोटांतून सटकत होते आणि काळीज नुसतं धडधडत होतं. कानात बबनचा तो हळू आवाज. मन काही निवेना. ती उठून दाराशी आली.

"मनाला पटत न्हाय, पोरी. आज नको."

पिंकी ओढणी सारखी करून निघून गेली.

इजाबेल मशीनवर बसली, पण सुईत दोरा जाईना. शेवटी तशीच उठून चर्चला गेली. फादर एलायस आवारात झाडांना पाणी घालत होते. तिनं घडलं ते सगळं सांगितलं आणि म्हणाली, "मनाला शांती न्हवती, फादर. म्हणजे देवाची इच्छा न्हवती ना?"

फादरांनी पाइप खाली ठेवला. "क्रुसावर जायच्या आदल्या रात्री गेथसेमनीच्या बागेत येशूला तरी कुठं शांती होती? घाबरून घामाघूम झाला होता तो. तुझ्या हिशेबानं तो देवाचा नकारच म्हणायचा."

"मग देव सांगतो तरी कसं?"

"तुझ्या दारात येऊन गेली ना ती?" त्यांनी खिशातून मोबाइल काढला. "मी पोलिसांना फोन करतो. तू जा तिच्याजवळ."

इजाबेल धापा टाकत घरी पोचली. पिंकी आपल्या खोलीच्या उंबऱ्यावर पिशवी घेऊन बसली होती. इजाबेलनं तिला हाताला धरून आत ओढलं आणि कडी घातली. तेवढ्यात बबन आलाच.

"म्हातारे, दार उघड!"

दारावर लाथा बसू लागल्या. खिडकीची काच फुटून शिवायला आलेल्या पांढऱ्या फ्रॉकांवर पडली. इजाबेलला लहानपणापासून पाठ असलेली प्रार्थना आठवेना. नुसतं "देवा, देवा" एवढंच तोंडातून निघत होतं.

पिंकी उठली. "मी जाते बाहेर. नाहीतर तो तुम्हालाही सोडायचा नाही."

क्षणभर इजाबेलला वाटलं, जाऊ दे. गेली तर सगळं थांबेल. मग तिनं पिंकीचा न सुजलेला हात घट्ट पकडला.

"न्हाय. बस इथंच."

कडीचा एक स्क्रू निघून खाली पडला. दोघी शिलाई मशीन दाराला लावून त्याला टेकून बसल्या. मग गल्लीत गाडी थांबली, पोलिसांचा आवाज आला, आणि लाथा बंद झाल्या. पोलीस बबनला घेऊन गेले.

सकाळी मामा येऊन पिंकीला घेऊन गेला. काही दिवसांनी बबन जामिनावर सुटला, सामान घ्यायला आला, आणि जाताना इजाबेलच्या दाराकडे बघत उभा राहिला. तिनं आतून मशीन पुन्हा दाराला लावलं.

परवा पिंकीचा फोन आला. "आंटी, केस उभी राहतेय. कोर्टात तुम्ही सांगाल ना?"

इजाबेलनं फोन कानाला तसाच धरून दाराची कडी चाचपून पाहिली.

"सांगेन गो," ती म्हणाली. "भ्या वाटतंय मला लय. पण सांगेन."