फोन दुकानात जोडला जातो, घरी नाही

बेलवलीची हर्षदा तिसऱ्यांदा गाडी घेऊन उल्हासनगरला माझ्या दुकानात आली, आणि तिसऱ्यांदा सगळं ठीक चाललं. फोन तिच्या पर्समध्ये, केबल नाही, तरी स्क्रीनवर नकाशा हजर.

"बघा ना आजी, इथे शहाण्यासारखं वागतं. घरून निघताना रोज 'नॉट कनेक्टेड'. नाक्यावर थांबून परत जोडायचं. पहिल्या पेशंटकडे रोज उशीर."

हर्षदा नर्स. घरोघरी जाते. नवा पत्ता, नवी गल्ली, नकाशा हवाच. नवरा निलेश म्हणत होता, "तू काहीतरी दाबतेस. जमत नसेल तर गाडी राजूला देऊ." राजू म्हणजे तिचा दीर.

गाडीत स्टिरिओ, स्क्रीन बसवणं हा माझा कॅसेटच्या काळापासूनचा धंदा. तरुणपणीची मी असते, तर लगेच डॅशबोर्ड उघडला असता. जितके स्क्रू काढू तितके आपण हुशार दिसतो, अशी त्या बाईची समजूत. परत बसवताना दोन-तीन उरायचे. त्यांना ती 'कंपनीने जादा दिलेले' म्हणायची.

आता गुडघे दुखतात, म्हणून आधी विचार करते. वायरलेसमध्ये दोन कामं असतात. ब्लूटूथ फोनची गाडीशी ओळख करून देतो, मग वायफायवरून नकाशा येतो. ओळखच झाली नाही तर पुढचं सगळं अडतं. दुकानात ओळख होते, घरी होत नाही. म्हटलं, "चल, तुझ्या घरी."

गाडी घराखाली उभी केली. निलेश खाली आला. हर्षदाने बंद करून परत चालू केली. 'नॉट कनेक्टेड'.

"पाहिलंत? दाबलं काहीतरी," निलेश म्हणाला.

तेवढ्यात वरच्या खिडकीतून सासूबाई ओरडल्या. "लावली काय गो गाडी? माझा मोबाइल परत मुका झाला."

"कधीपासून होतंय, ताई?" मी विचारलं.

"गाडी आली तवापासून. सकाळचं भजन लावते, मधीच आवाज जातो. दुकानात नेला का बरा बोलतो. यो निलेश म्हणतो, आई, तू कायतरी दाबतेस."

हर्षदाने निलेशकडे पाहिलं. मी वर पाहिलं.

"पूजेला गाडीत आरती कोणाच्या मोबाइलवरून लावली होती?"

"माझ्या. पहिला मान माझाच."

गाडीनेही तो मान अजून पाळला होता. चालू झाली की आधी वरच्या मजल्यावरचा फोन धरायची आणि हर्षदाचा बाहेर राहायचा. भजन गाडीत यायचं, पण तिथे रेडिओ लावलेला, म्हणून कोणालाच ऐकू जायचं नाही.

"मग आईचा फोन डिलीट करा," निलेश म्हणाला.

"माझं नाव काढतोस गाडीतून?"

"कोणी काढत नाही, ताई," मी म्हटलं. "गाडी आधी हर्षदाला विचारेल, मग तुम्हाला. तुम्ही गाडीत बसलात की ती तुमचं भजन लावून देईल."

"रोज बसवील का?"

"रविवारी बसवते, आई," हर्षदा म्हणाली. "वांगणीला मावशींकडे जाऊ."

सेटिंगमध्ये हर्षदाचा फोन पहिला केला. गाडी परत चालू केली. खाली नकाशा आला, वर भजन चालू राहिलं. राजूचं नाव त्यानंतर कोणी काढलं नाही.

दुकानात न दिसणारा बिघाड गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन शोधावा. इतके डॅशबोर्ड उघडले मी. सासूपर्यंत जाणारी वायर एकातही सापडली नव्हती.